आत्याची सही

कुणी माझ्यासमोर सही करायला लागलं की मी आजही जागेवरून उठते. बँकेत, पोस्टात, शाळेच्या पालकसभेत, कुठेही. समोरचा माणूस पेनाचं टोपण काढतो आणि माझे पाय आपोआप दाराकडे वळतात. नवऱ्याला वाटतं, मला कायम घाई असते. घाई कसली? मला त्या माणसाचा हात धरून विचारावंसं वाटतं की बाबा, वाचलंस का? आणि ते विचारायचं तोंड मला राहिलेलं नाही, म्हणून मी उठते.

तेव्हा मी भिवंडीत एका संस्थेत काम करत होते. बायकांच्या हक्कांसाठी काम करणारी छोटी संस्था. दोन खोल्या, खाली यंत्रमागाचा कारखाना. माग चालू असले की टेबलावरचा चहा थरथरायचा आणि आम्ही ओरडून बोलायचो. भारनियमनात माग बंद पडले तरी सवयीने ओरडतच राहायचो, मग एकमेकींकडे बघून हसू यायचं. मला त्या खडखडाटाचा त्रास नव्हता. बंद पडल्यावरच्या शांततेचा व्हायचा. खुर्चीत बसवायचं नाही, मी उगाच कपाट उघडून बंद करायची. संस्था चालवणाऱ्या ताई म्हणायच्या, "अगं बस ना जरा. तुला काय मुंग्या चावतात?"

त्या वर्षी आमच्याकडे एक काम आलं होतं. गावागावांतल्या बायकांना सही शिकवायची. अंगठा लावायची लाज वाटते, सही आली की बाई ताठ उभी राहते, असं आम्ही सभांमधून सांगायचो आणि आमचा त्यावर मनापासून विश्वास होता. काम दोन टप्प्यांचं. पहिल्या तीन महिन्यांत सही, दुसऱ्या टप्प्यात वाचन. पैसे देणाऱ्यांना पहिला टप्पा वेळेत हवा होता.

माझ्या वाट्याला दापोड्याच्या अलीकडचं एक गाव आलं. सहा आसनी रिक्षातून जाताना दोन्ही बाजूंना भाताची खाचरं भरावाखाली जाताना दिसायची. या आठवड्यात लाल मुरूम, पुढच्या महिन्यात लोखंडी खांब, दिवाळीपर्यंत पत्र्याचं भलंमोठं गोडाऊन. कंटेनर वळवायला जागा म्हणून गावची वेससुद्धा रुंद केलेली. गावात घरोघरी नव्या गाड्या आल्या होत्या आणि बायका अजून डोक्यावरून पाणी आणत होत्या. मला त्याचा फार राग यायचा. तो राग मी वर्गात घेऊन जायची आणि खडूने फळ्यावर काढायची.

वर्ग दुपारी समाजमंदिरात भरायचा. पहिल्या दिवशी सगळ्यात पुढे येऊन बसली ती आत्या. पन्नाशीची, काटक, कासोट्याचं लुगडं, हाताला मातीच्या भेगा. गावात लहानथोर सगळे तिला आत्या म्हणायचे, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. नवऱ्याने विशीतच घालवून दिलं होतं, तेव्हापासून ती माहेरी. बापाने घराच्या मागच्या अंगाला एक खोली दिली आणि ओढ्याकडचं खाचर दाखवून म्हणाला, हे तुझं. एवढंच, तोंडी. पावसात ती भात लावायची आणि भात निघाला की त्याच ओलीवर वाल. बाप आदल्या वर्षी गेला होता, आणि वारस म्हणून भावाच्या जोडीला तिचंही नाव सातबाऱ्यावर लागलं होतं. ते तिला कुणीतरी सांगितलं होतं, तिने बघितलं नव्हतं. ती खोली आणि ते खाचर, याखेरीज तिचं जगात काही नव्हतं.

सही शिकायची तिची पद्धत मी कुणात पाहिली नाही. ती आधी वरची रेघ मारायची. पट्टी न लावता, एका दमात, पार कागदाच्या कडेपर्यंत. मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं एकेक अक्षर त्या रेघेला अडकवत जायची. तिचं नाव लांबलचक, त्यात बापाचं नाव, त्यात आडनाव. मी म्हटलं, "आत्या, उलटं करतेस. आधी अक्षर, मग रेघ." ती म्हणाली, "रेग नसली तं ती पडतील खाली." मग मी तो नाद सोडला.

तिचा भाऊ या वर्गाचा मोठा चाहता. नवीन वह्या त्याने आणून दिल्या, समाजमंदिराला पंखा बसवला. दारात उभा राहून म्हणायचा, "म्याडम, आमचे बायका शिकल्या पायजेत. जमाना बदलला." गावातले आणखी दोनतीन भाऊसुद्धा आपापल्या बहिणींना, सासरहून बोलावून घेऊन, वर्गाला बसवून जायचे. मी हरखून गेले होते. ताईंना येऊन सांगितलं, पुरुषांचा इतका पाठिंबा मी आजवर कुठल्या गावात पाहिला नाही. ताईंनी ते अहवालात घातलं. बहिणीच का, स्वतःच्या बायका का नाहीत, सुना का नाहीत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. शिकलेल्या माणसाचं डोकं कधीकधी अगदी सपाट चालतं.

तीन महिन्यांनी समारोप झाला. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. त्याच्या आदल्या दिवशी मी ऑफिसात बसून सगळी प्रमाणपत्रं सह्या करून संपवली होती. मजकूर छापूनच आला होता: यांना मराठी लिहिता-वाचता येते. त्यातला "वाचता" हा शब्द मला दिसला. खोटं कशाला सांगू, दिसला. पेन थांबलंसुद्धा. मग मनात म्हटलं, वाचन पुढच्या टप्प्यात आहेच, एवढ्याने काय बिघडतंय. आणि पुढचं प्रमाणपत्र ओढलं. पुढच्या वर्षी पैसे देणाऱ्यांनी विषय बदलला आणि तो दुसरा टप्पा काही आला नाही.

महिनाभराने एका सकाळी मी भिवंडीत दस्त-नोंदणीच्या कचेरीवरून चालले होते. रस्त्याला सुमो उभी आणि तिच्यातून माझ्या वर्गातल्या बायका उतरलेल्या, सगळ्यांच्या अंगावर कोऱ्या साड्या. आत्याने मला लांबूनच हाक मारली.

"ये बाय! सही केली! पानापानाव केली!"

"कशावर केलीस?"

"नाव पक्का कराला. बापूस गेला तवा नाव लागला ना माजा, तो कच्चा होता. भाव बोल्ला, आता पक्का करू." तिने अंगठा वर करून दाखवला. "मशीनवं अंगठा सगल्यांचाच घेतला, भावाचापन घेतला. पन सही माजी. सायेब बगीत रायला."

तिचा भाऊ मागे कागदांची पिशवी घेऊन उभा होता. मला बघून त्याने नमस्कार केला आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली. त्या हात बदलण्यात काय होतं कोण जाणे, मी पिशवीकडे हात केला. मी म्हटलं, "दादा, बघू जरा." तो म्हणाला, "वकिलाकडं द्यायचाय म्याडम, घाई हाय." आणि सगळ्यांना गाडीत बसवून निघून गेला. आत्या खिडकीतून हात हलवत होती.

मी तिथून ऑफिसात गेले नाही. रस्त्यावरच येरझारा घातल्या, मग कचेरीत शिरून नक्कल मिळवायची सगळी खटपट केली. दोन दिवसांनी कागद हातात आला. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, हक्कसोडपत्र. वडिलांच्या मिळकतीतला माझा हिस्सा मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या भावाच्या लाभात कायमचा सोडून देत आहे. खाली प्रत्येक पानावर आधी मारलेली ती लांब रेघ, आणि रेघेला अडकवलेलं आत्याचं नाव. शेवटच्या पानामागे एक झेरॉक्स टाचली होती. आमच्या संस्थेचं प्रमाणपत्र, लिहिता-वाचता येते, खाली माझी सही.

आमचं काम बघणाऱ्या वकीलबाईंकडे मी तो कागद नेला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे सांगितलं, "अंगठेवाली बाई असली की कागद तिला वाचून दाखवावा लागतो आणि वाचून दाखवणाऱ्याला खाली तसं लिहून द्यावं लागतं. सहीवालीला कोण वाचून दाखवतंय? ती वाचूनच सही करते असं धरतात. तुम्ही तिला सही शिकवलीत आणि तिचा कागद ऐकायचा हक्क गेला."

"म्हणजे आम्ही शिकवलं नसतं तर..."

"तर कदाचित तिला कळलं असतं. तेवढ्यासाठीच तर भावांनी वर्गाला पंखा लावला."

मला त्यांच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटलं. त्यांची काही चूक नव्हती.

आत्याला सांगायला मला चार दिवस लागले. रोज निघायची, रिक्षाच्या स्टँडपर्यंत जायची, परत यायची. पाचव्या दिवशी गेले तर ती खाचरात वालाच्या शेंगा खुडत होती. पलीकडच्या खाचरात भराव पडायला सुरुवात झाली होती आणि डंपर मागे घेतानाचा आवाज सारखा येत होता. मी बांधावर उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती खुडत राहिली. मग ओंजळभर शेंगा ओटीत टाकून तिने विचारलं, "म्हंजे यो खाचर गेला?"

"कागदावर गेलं. पण अजून नाव कमी व्हायची नोंद मंजूर व्हायची आहे. त्याला आपण हरकत घेऊ."

"आनी खोली?"

"तीसुद्धा."

ती खाली बसली. ओटीतल्या शेंगा एका बाजूला सारल्या. मग म्हणाली, "तू लिवून दिलास, मना वाचता येते म्हनून?"

"हो."

"मना तं येत न्हाय."

"हो आत्या."

"तुना ठाव होता?"

मी हो म्हटलं. डंपर पुन्हा मागे येऊ लागला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता हिने मला हाकलावं, शिव्या द्याव्यात, म्हणजे सुटेन. तिने विचारलं ते वेगळंच. "तुजे बापाची जमीन हाय?"

आहे, अकलोलीला. गरम पाण्याच्या कुंडांपासून चालत दहा मिनिटांवर. मी या संस्थेत यायच्या दोन वर्षं आधी माझ्या भावाने भाऊबीजेला मिठाईच्या पुड्यासोबत कागद आणला होता. पुढच्या आठवड्यात मी कचेरीत जाऊन सही केली. बी. ए. झालेली मी, अक्षर न् अक्षर वाचलं होतं. शुद्धलेखनाच्या दोन चुकासुद्धा काढून दिल्या होत्या, वकिलाच्या टायपिस्टला धड मराठी येत नाही म्हणून हसलेसुद्धा होते. हे ताईंना ठाऊक नव्हतं. बायकांनी हक्क सोडू नये यावर मी पंचवीस गावांत भाषण केलं असेल, तिथेही कुणाला ठाऊक नव्हतं. आत्याला मी सांगितलं.

"वाचून केलीस?" तिने विचारलं.

"वाचून."

"बरा," ती म्हणाली आणि उठून पुन्हा शेंगा खुडायला लागली.

हरकत घेतली. सुनावणीत दाखवायचं होतं ते एवढंच, की या बाईला वाचता येत नाही आणि कागद तिला कुणी वाचून दाखवला नाही. त्यासाठी माझं प्रमाणपत्र खोटं आहे हे मला लिहून द्यावं लागणार होतं. ताईंशी त्यावरून माझं कडाक्याचं भांडण झालं. त्या म्हणाल्या, "एक प्रमाणपत्र खोटं म्हणालीस की सगळीच खोटी. उद्या कुठल्या गावात आपल्याला उभं करतील?" मी म्हणाले, सगळीच खोटी आहेत ताई. नेमकी तेव्हा खाली वीज गेली, माग थांबले आणि माझं वाक्य जिन्यापर्यंत ऐकू गेलं. ताई उठून दुसऱ्या खोलीत निघून गेल्या. संध्याकाळी त्यांनी संस्थेच्या नावाचा कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. "यावर लिही. एकटीने शहाणपणा करायचा नाही. मीपण सही करते."

आत्या मात्र दुसऱ्याच नादाला लागली होती. दर सोमवारी दुपारी पिशवी घेऊन ती ऑफिसात हजर, आधी वालाच्या ओल्या शेंगा, त्या संपल्यावर सुके वाल. "आता वाचाला शिकव."

मी वकीलबाईंना विचारलं. त्या खुर्चीतून जवळजवळ उठल्याच. "वेड लागलंय का? सुनावणी होईपर्यंत तिला एक अक्षर शिकवायचं नाही. तिला वाचता येत नाही यावरच आपली सगळी बाजू उभी आहे."

म्हणजे बायकांच्या शिक्षणासाठी काढलेल्या संस्थेत, पिशवी घेऊन दारात आलेल्या बाईला मी सांगत होते, आत्ता नको, थांब, अडाणी राहा. हे सांगताना मला तिच्याकडे बघवायचं नाही. मी फायली काढायची, फायली ठेवायची. सुनावणीच्या तारखा पुढे पुढे जात होत्या. ती समोरच्या बाकावर बसून राहायची, पदराखालून त्या दस्ताची झेरॉक्स काढायची आणि बोट ठेवून विचारायची, "यो काय?"

"तो ह."

"आनी हे शेपटी?"

"तो ऱ्हस्व उकार."

मी शिकवत नव्हते. विचारलेल्याचं उत्तर देत होते. वकीलबाईंसमोर हे वाक्य क्षणभरही टिकलं नसतं. शेजारच्या कारखान्याच्या पाटीवरचं ती विचारायची, रिक्षाच्या मागचं विचारायची, पण घरी जाऊन घोकायची ते त्याच दस्तावर. दुसरं पुस्तक तिच्याजवळ नव्हतं. मला कळत होतं. आपण काहीतरी बिघडवतो आहोत की काहीतरी दुरुस्त करतो आहोत, हे मात्र कळत नव्हतं, आणि त्या वर्षभरात मला धड झोप नव्हती की धड भूक नव्हती.

शेवटी सुनावणी लागली. तहसील कचेरीतला हॉल, वरती पंखा, भिंतीला फायलींचे गठ्ठे. आत्याचा भाऊ पांढऱ्या कपड्यांत, त्याचा वकील, गावातली आठदहा माणसं दाराशी. माझं म्हणणं आधी झालं. मी उभी राहून सांगितलं की प्रमाणपत्र चुकीचं आहे, ते मी न तपासता दिलं, या बाईला वाचता येत नाही. दाराशी कुणीतरी हसलं. माझे कान तापले, पण सुटल्यासारखंही वाटलं.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी तो दस्त उचलून आत्यापुढे धरला. "बाई, बघू. यातलं काय येतं वाचता?"

वकीलबाईंनी तिला दहा वेळा बजावलं होतं. कागद हातात घ्यायचा, मान हलवायची, नाही म्हणायचं. संपलं. मी बाकाच्या कडेला बसले होते, पाय सारखा हलत होता.

आत्याने कागद घेतला. भावाकडे पाहिलं. तो हसत होता, वाईट नव्हे, लहानपणी बहिणीला हसतात तसा. मग तिने बोट ठेवलं.

"ह... हक्क... सोड... पत्र."

मी डोळे मिटून घेतले.

ती थांबली नाही. अडखळत, एकेका अक्षराला धरून, पहिली ओळ झाली, दुसरी झाली. वडिलांचं नाव आलं तेव्हा आवाज जरा चढला. भावाचा वकील मध्येच उठून म्हणाला, "झालं ना साहेब, अजून काय पाहिजे?" साहेबांनी त्याला हाताने थांबवलं, पण मग आत्यालाही थांबवलं.

"बाई, तुम्हाला तर वाचता येतं."

"आता येतं सायेब. तवा येत नव्हता. तवा कोनी वाचून दावला न्हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. दहा मिनिटांपूर्वीच मी त्यांना सांगितलं होतं की हिला वाचता येत नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. दस्त नोंदणी झालेला आहे, फसवणुकीचं म्हणणं असेल तर दिवाणी न्यायालयात जावं, असं काहीतरी त्यांनी लिहिलं. नोंद मंजूर झाली. आत्याचं नाव सातबाऱ्यावरून गेलं.

बाहेर आल्यावर उसाच्या गुऱ्हाळापाशी मी तिच्यावर ओरडले. चारचौघांत, घसा ताणून. वर्षभराची धडपड तू दोन ओळींत घालवलीस, एकदा फक्त नाही म्हणायचं होतं, माझी लाज गेली, ताईंची गेली, ती कशासाठी? माझ्या तोंडून "अडाणी" हा शब्दसुद्धा निघाला. ती ऐकून घेत होती. माझा दम संपल्यावर म्हणाली, "भाव समोर उबा होता. गाव उबा होता. त्यांचेसमोर बोलू, मना कायपन येत न्हाय? येतं मना."

"खाचर गेलं ना पण!"

"गेला," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला आणि तिने पदर तोंडावर घेतला. वर्षभरात मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि माझं ओरडणं तिथेच संपलं.

न्यायालयाची वाट उघडी होती, पण खाचरात तोवर खांब उभे राहिले. गावात मात्र त्या दुपारची फार चर्चा झाली. आत्याने भर कचेरीत स्वतःची हक्कसोड वाचून दाखवली, हे बायकांनी घरोघरी नेलं. माझ्या वर्गातली आत्याची एक चुलत बहीण माहेरी सही करायला म्हणून आली होती, ती कागद घेऊन आधी आत्याकडे गेली आणि सही न करता तशीच सासरी निघून गेली. भावाला लोक जाब विचारू लागले. शेवटी वकीलबाई आणि ताई मध्ये पडल्या आणि खोली आत्याच्या नावावर करून द्यायला तो तयार झाला. तो कागद आत्याने दोनदा वाचला. एका शब्दाशी अडली तेव्हा भावालाच विचारलं. मग रेघ मारली.

त्यानंतर एका सोमवारी ती माझ्या घरी आली. ऑफिसात नाही, घरी. पहिल्यांदाच तिच्या हातात वालाची पिशवी नव्हती. दोन्ही हात रिकामे, कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. मी पाणी दिलं, चहा ठेवायला वळले तर म्हणाली, "चाय नको. तुजा कागद आन."

"कुठला?"

"तुजे बापाचा."

मी म्हटलं, आता काय करायचंय त्याचं, जुना आहे, सापडायचा नाही. ती बसून राहिली. कपाटात तो कुठे आहे हे मला नीट माहीत होतं. लग्नाच्या साड्यांच्या खाली, प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये. मी काढून दिला आणि हात पुसत उभी राहिले.

"खाली बस," ती म्हणाली. मी बसले.

तिने बोट ठेवून वाचायला घेतलं. आता पूर्वीइतकी अडखळत नव्हती. माझं नाव आलं, माझ्या वडिलांचं आलं. वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांचं संपूर्ण नाव माझ्या घरात कुणी मोठ्याने उच्चारलेलं मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. विहिरीचा उल्लेख आला, दोन आंब्यांचा आला. हे सगळं मी एकदा वाचलं होतं, चुका काढल्या होत्या. ऐकलं कधीच नव्हतं. मला उठावंसं वाटलं, खिडकी उघडावी, गॅस बघावा, काहीतरी. मी मांडीखाली हात दाबून बसले.

"मी हे रा... राजी... खु..." ती थांबली. बोट तिथेच ठेवून पुन्हा पहिल्यापासून जुळवलं. "राजीखुशीने."

तिने वर पाहिलं.

"होतीस?"

भाऊबीजेची ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोर आली. ताटातली साडी, मिठाईचा पुडा, आणि मी कागद वाचत असताना माझ्याकडे न बघता माझ्या मुलाशी खेळणारा भाऊ. मला तेव्हा भीती वाटली होती. नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी हा येईल का, एवढीच भीती. ती झाकायला मी शुद्धलेखनाच्या चुका काढत बसले होते.

आत्या उत्तराची वाट बघत होती. तिचं बोट त्या शब्दावरून हललं नव्हतं.

मी म्हटलं, "पुढे वाच, आत्या."